इनामदार साहेबांची चौकशी

कँटीनमध्ये गुलजार इनामदार ताट घेऊन ज्या टेबलापाशी बसायचे, त्या टेबलावरच्या माणसांची जेवणं लगेच संपायची. ज्याच्या ताटात अर्धी भाकरी उरलेली असायची तोही ती तोंडात कोंबून हात धुवायला उठायचा. यात कुणाचं काही वैर नव्हतं. इनामदार परंदवडीजवळच्या एका खोक्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते, आणि सेफ्टी ऑफिसरसमोर माणूस जितका कमी वेळ बसेल तितका बरा, असा तिथला सगळ्यांचा अनुभव होता. एकदा एकाने जेवताना सहज सांगितलं होतं की तो दुपारच्या सुट्टीत हेल्मेट उशाला घेऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी इनामदारांनी 'हेल्मेटचा योग्य वापर' या विषयावर सगळ्यांना उन्हात उभं करून तासभर समजावलं. तेव्हापासून त्यांच्यासमोर कुणी सहज काही सांगत नसे.

घरी तरी कोण होतं? बेगडेवाडी स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पत्नी खुर्शीदा मुलीच्या, सानियाच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला गेली होती. "चाळीस दिवस झाले की येते," असं सांगून गेली होती. आता नातू चालायला लागला होता आणि त्याच्यामागे धावायला कुणीतरी हवं म्हणून ती थांबली होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. ती फोन नातवाच्या कानाला लावायची, नातू तो तोंडात घालायचा आणि मग फोन कट व्हायचा. इनामदार थोडा वेळ फोन हातात धरून बसायचे आणि मग खिचडी टाकायला उठायचे.

कारखान्याच्या दारात एक मोठा फळा होता. अपघात न होता किती दिवस गेले, तो आकडा रोज सकाळी त्याच्यावर लिहिला जाई. हा फळा इनामदारांनीच लावून घेतला होता, आणि त्यावरचा आकडा कधी नव्हे ते वर्षाच्या घरात आला होता. वर्ष पूर्ण झालं की प्रत्येक कामगाराला एक प्रेशर कुकर द्यायचा, असं मालकांनी जाहीर केलं होतं. कुकर आलेही होते. स्टोअरमध्ये त्यांची खोकी छतापर्यंत रचून ठेवली होती आणि येता-जाता जो तो आत डोकावून आपला कुकर साधारण कुठे असेल याचा अंदाज घेत होता. वर्ष शनिवारी भरणार होतं.

बुधवारी सकाळी इनामदार शेडमध्ये एक नवी पाटी लावायला गेले. 'खाली पाहून चाला' असं तिच्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं. त्यांनी स्वतः खिळे ठोकले. पाटी सरळ लागली आहे का ते बघायला दोन पावलं मागे सरले, मग मान वर करून आणखी एक पाऊल मागे गेले. पुठ्ठ्याचे थर चिकटवायला मक्याच्या पिठाची खळ लागते. तिच्या टाकीतून थोडी खळ जमिनीवर सांडली होती. इनामदारांचा पाय नेमका तिच्यावर पडला, आणि साहेब उताणे झाले.

टाकीवर कोंडाजी होता. औंढ्याचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, सकाळी भातखाचराला फेरी मारून मग कामाला येणारा. तो जवळ आला आणि वाकून बघू लागला.

"साहेब, पडलात?"

"पडलो."

कोंडाजीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कुनी बगितलं न्हाई."

"तुम्ही पाहिलंत ना?"

"मी? मी तिकडं बगत व्हतो," कोंडाजी म्हणाला आणि खरोखरच तिकडे बघू लागला.

"मला आधी उठवा."

कोंडाजीने त्यांना बगलेत हात घालून उठवलं. उजवा पाय जमिनीला टेकेना. त्यांचा हात खांद्यावर घेऊन कोंडाजी त्यांना केबिनपर्यंत घेऊन आला आणि खुर्चीत बसवलं. बूट काढला तेव्हा घोटा लिंबाएवढा वर आला होता.

"रिपोर्ट लिहावा लागेल," इनामदार म्हणाले.

"लिवा की. न्हाई कोन म्हनतंय. शनवार होऊ द्या, मग लिवा."

"चोवीस तासांच्या आत लिहायचा असतो. नियम आहे."

"नियम कुनी केला?"

"मी."

"मग तुमीच जरा ढिला करा," कोंडाजी म्हणाला आणि बाहेर गेला.

इनामदारांनी कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू होईपर्यंत कँटीनची सरूबाई आत आली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप. सरूबाई परंदवडीचीच. कुकर मिळणार म्हणून तिने घरातला जुना कुकर नणंदेला देऊन टाकला होता आणि गेला आठवडाभर ती पातेल्यात डाळ शिजवत होती.

"पाय हिकडं करा साहेब," ती म्हणाली. "आता चटका बसंल जरा."

तिच्यामागे पंचिंग मशिनवरचा उमर आला. पंचविशीचा, चपळ पोरगा. महिनाभराने त्याच्या बहिणीचं, जन्नतचं लग्न होतं आणि तिला द्यायच्या भांड्यांत हा कुकर आधीच धरला गेला होता. उमरने कुठून तरी एक रिकामं खोकं आणून साहेबांच्या पायाखाली ठेवलं, ते डुगडुगतंय का बघितलं आणि दुसरं आणलं.

लेप वाळेपर्यंत बसावं तर लागणारच होतं. सरूबाईने दीर जांभळावरून पडला तेव्हाची हकिगत सांगितली. पडला तो थेट म्हशीवर, आणि म्हैस त्याला घेऊनच ओढ्यापर्यंत गेली. इनामदार हसले. मोठ्याने हसले. आपलं हसणं त्यांनाच ओळखीचं वाटेना. मग उमरने मामाची गोष्ट सांगितली. मग कोंडाजी परत आला, येताना चहा घेऊन आला आणि स्वतःही बसला. केबिनमध्ये दोनच खुर्च्या होत्या. दुसरीवर आजवर फायली असायच्या. कोंडाजीने त्या उचलून खाली ठेवल्या आणि इनामदारांनी त्याला काही म्हटलं नाही.

रिपोर्ट दुपारी लिहू, असं त्यांनी ठरवलं. दुपारी सरूबाईने जेवणाचं ताट केबिनमध्येच पाठवलं. ताटाबरोबर स्टिचिंगवरच्या दोन बाया आल्या आणि त्यांच्याशी बोलता बोलता चार वाजले. मग रिपोर्ट उद्या सकाळी लिहायचं ठरलं. चोवीस तास तसे सकाळपर्यंत होतेच.

संध्याकाळी उमरने मोटरसायकलवरून त्यांना बेगडेवाडीला सोडलं, आत येऊन गादी घातली, पायाखाली उशी ठेवली.

"सकाळी घ्यायला येतो, साहेब. तुम्ही खाली उतरू नका. हॉर्न दिला की मीच वर येतो."

खुर्शीदाचा फोन आला तेव्हा त्यांनी पाय मुरगळल्याचं सांगितलं. ती घाबरली. "अहो, मग मी येते उद्याच. तुमच्याकडे बघायला आहे कोण तिथं?"

"येऊ नको," इनामदार म्हणाले. आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

गुरुवारी चोवीस तास उलटले. उमर त्यांना घेऊन आला तेव्हा केबिनमध्ये पाणी गरम होतं, बादली होती, मीठ होतं. घोटा आता वांग्यासारखा झाला होता, रंगानेसुद्धा. त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. तेवढ्यात कुणीतरी घरचा इंद्रायणी तांदूळ पिशवीत बांधून आणला, कुणी कढीपत्ता आणला. इनामदारांनी कॉम्प्युटर बंद केला नाही, पण त्याच्याकडे पाठ करून बसले.

अडचण होती ती मॅनेजरची. समर्थ गायकवाड वयाने इनामदारांपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, त्यांना सर म्हणायचा, आणि शनिवारी मालक येणार म्हणून त्या आठवड्यात त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. तो दुपारी केबिनच्या दारात आला. बादली टेबलाखाली होती आणि इनामदारांचा पाय बादलीत.

"सर, चला ना जरा, स्टेज कुठं घालायचं ते बघू. आणि जेवायलाही सोबतच जाऊ."

इनामदार उठेनात. समर्थ वाट बघत राहिला. तेव्हा कोंडाजी म्हणाला, "साहेबांचा आज रोजा हाय."

"रोजा? आत्ता? रमजान तर कधीच झाला."

कोंडाजी उमरकडे पाहू लागला. "नफल रोजा असतो, सर," उमर म्हणाला. "कधीही ठेवता येतो. ऐच्छिक."

"अच्छा. सॉरी सर, मला माहीत नव्हतं. मग तुम्ही नका चालू. बसून राहा," समर्थ म्हणाला आणि आदराने दार ओढून घेतलं. एवढ्यावर भागलं असतं. पण त्याने बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की सरांसमोर आज कुणी काही खाऊ नये, आणि स्वतः दर अर्ध्या तासाने चौकशीला येऊ लागला. इनामदारांना ना जेवण मिळालं ना चहा. सरूबाईने एकदा पदराखाली दोन भाकरी आणल्या, पण समोरून समर्थ येताना दिसला म्हणून तशाच परत नेल्या. संध्याकाळी समर्थने मुद्दाम तळेगावहून खजूर मागवले आणि सूर्य मावळल्यावर समोर बसून त्यांना खाऊ घातले. इनामदारांनी मान खाली घालून ते खाल्ले. खोटं बोललेला माणूस इतक्या भुकेने खजूर खात असेल असं समर्थच्या मनातही आलं नाही.

शुक्रवारी गोष्ट पुढे गेली. कुकर वाटायच्या आधी सेफ्टी ऑफिसरने स्वतः स्टोअरमध्ये जाऊन खोकी मोजावीत, असा समर्थने निरोप पाठवला. स्टोअर शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं. साहेबांना चालत नेलं तर लंगडताना समर्थला दिसणार. उमरने माल वाहायची ट्रॉली आणली, तिच्यावर पुठ्ठा अंथरला.

"बसा, साहेब."

"ट्रॉलीवर माणूस बसवायचा नाही, अशी पाटी आहे."

"ती मागच्या भिंतीला आहे, साहेब. आपण पुढून जाऊ."

इनामदार बसले. उमर ढकलू लागला, कोंडाजी एका बाजूने आणि स्टिचिंगचे दोघे दुसऱ्या बाजूने चालू लागले, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं की चौघं मिळून माल नेताहेत. इनामदारांना ते आवडलं, हे खरं आहे. लग्नात घोड्यावर बसल्यानंतर इतकी माणसं आपल्याभोवती कधी चालली होती, ते त्यांना आठवेना.

स्टोअरच्या दारात उतार होता. ट्रॉली उमरच्या हातातून सुटली नाही, पण त्याला आवरलीही नाही. ती जाऊन कुकरच्या रॅकवर आदळली. रॅक हलला. सगळ्यात वरचं खोकं आधी थोडं पुढे सरकलं आणि मग खाली आलं. पुढे धावत आलेल्या उमरच्या खांद्याला घासून ते फरशीवर आदळलं, आणि आतल्या कुकरांचा आवाज शेडभर घुमला.

मग कोंडाजी म्हणाला, "काय झालं न्हाई. कुनी बगितलं न्हाई."

आणि सगळे कामाला लागले. एकाने खोकं उचललं, दुसऱ्याने चेपलेली बाजू भिंतीकडे करून ते रचलं, तिसरा दारात जाऊन कुणी येतंय का बघत उभा राहिला. उमरने खांदा झटकला आणि झाडू घेतला. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. इनामदार ट्रॉलीवर बसून ते बघत होते. वर्षभर त्यांनी मॉक ड्रिल घेतली होती, पण इतकं शिस्तीचं काम त्यांना कधी पाहायला मिळालं नव्हतं.

"हे तुम्ही याआधी किती वेळा केलंय?" त्यांनी विचारलं.

"काय साहेब?"

"हे. असं आवरणं."

कोंडाजीने खिशातून तंबाखू काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"उमर, ते खोकं वीतभर अलीकडं पडलं असतं तर?"

"पडलं नाही ना, साहेब."

इनामदार त्याच्या मानेकडे बघत राहिले. खोकं जिथून गेलं तिथे शर्टावर पुठ्ठ्याची भुरकट रेघ उमटली होती. महिन्यावर लग्न होतं त्याच्या घरात. "मी रिपोर्ट लिहितो," ते म्हणाले. "माझ्या पडण्याचाही आणि याचाही."

"साहेब, उद्याचा तर दिस हाय," कोंडाजी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती, आणि म्हणूनच ते ऐकायला जड गेलं.

"माहीत आहे मला."

उमरने ट्रॉली परत केबिनपर्यंत आणली. यावेळी बाजूने कुणी चाललं नाही. साहेब उतरले तेव्हा त्याने हात दिला आणि ट्रॉली घेऊन निघून गेला.

समर्थने रिपोर्ट वाचला आणि धावतच केबिनमध्ये आला. "सर, तुम्ही पडलात? तुम्ही?"

"मीच."

"मग चौकशी कोण करणार? चौकशी तर तुम्ही करता."

"ज्याला लागलं त्याने स्वतःची चौकशी करायची नसते. तुम्हाला करावी लागेल. 'का' असं पाच वेळा विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. मीच शिकवलं होतं तुम्हाला."

समर्थ समोर बसला, कागद ओढला. "का पडलात?"

"पाय घसरला."

"का घसरला?"

"खाली खळ होती."

"दिसली का नाही?"

"वर बघत होतो."

"वर का बघत होता?"

"वर पाटी होती. खाली पाहून चाला अशी."

समर्थने ते लिहिलं. लिहिताना त्याने ओठ आवळून धरले होते. मग त्याने मान वर केली. "आणि सर, कळवायला दोन दिवस का लावलेत?"

बाहेर शेडमधली यंत्रं चालू होती. "माणसं येत होती," ते म्हणाले.

"कुठं?"

"इथं. माझ्याकडं. पाय कसा आहे म्हणून विचारायला. बसायची, बोलायची. रिपोर्ट लिहिला असता तर आली नसती."

समर्थचं पेन थांबलं. "हे कसं लिहू, सर?"

"तसं नका लिहू. संवादाचा अभाव, असं लिहा. तो रकाना आहे खाली."

समर्थने लिहिलं. मग तो म्हणाला, "म्हणजे काल रोजा नव्हता."

"नव्हता."

"मी तुम्हाला दिवसभर उपाशी ठेवलं."

"हो."

समर्थ कागद घेऊन उठला आणि दारापर्यंत जाऊन म्हणाला, "खजूर तरी चांगले होते ना?"

फळा शून्यावर आला. मालक आले नाहीत, स्टेजचे बांबू आले तसे गेले. सोमवारी एक टेम्पो आला आणि कुकरची खोकी त्यात चढू लागली. सुट्टी नसतानाही अख्खा कारखाना दारात उभा राहून ते बघत होता, जणू कुणाची पाठवणी होती. सरूबाईने डोळ्याला पदर लावला नाही, पण टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती हलली नाही. मग आत जाऊन तिने मोठं पातेलं चुलीवर आदळलं. तो आवाज इनामदारांना केबिनमध्ये ऐकू आला.

त्यानंतर त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. ते काठी घेऊन येऊ लागले. बेगडेवाडीहून रिक्षाने येत, रिक्षाने जात. कँटीनमध्ये पूर्वी माणसं निदान भाकरी संपवून उठायची, आता ताटासकट उठून दुसरीकडे बसू लागली. इनामदार समोरच्या रिकाम्या खुर्चीवर दुखरा पाय ठेवून जेवत. केबिनमधल्या दुसऱ्या खुर्चीवरच्या फायली त्यांनी अजून खालीच ठेवल्या होत्या. एकदा त्या वर ठेवायला उचलल्या आणि तशाच परत खाली ठेवल्या. संध्याकाळी खुर्शीदाने विचारलं, "येतात का अजून माणसं तुमच्याकडं?" ते म्हणाले, "येतात ना. आत्ताच गेले." मग नातवाने फोन तोंडात घातला.

आठवडा असा गेला. मग एका दुपारी कोंडाजी केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला, दार लावून घेतलं, पण बसला नाही.

"साहेब, फळा तर गेलाच आता."

"गेला."

"म्हंजी आजून काय जायचं राह्यलं न्हाई."

"नाही."

कोंडाजीने डावा हात टेबलावर ठेवला. करंगळीचं नख काळं होतं आणि बोट अर्ध्यातून वाकत नव्हतं. "ही दिवाळीच्या आदी रोलरमदी घावली. सरळच हुईना. घरी मुक्ताबाई म्हनती, सायबाला सांगा, कामगारांच्या ईएसआय दवाखान्यात तरी दाखवता यील. खासगीत दाखवून दाखवून दमलो."

इनामदार त्या बोटाकडे बघत राहिले. दिवाळीच्या आधी कोंडाजी रोज त्यांच्या समोरून जायचा. हात खिशात घालून जायचा, हे आता त्यांना आठवलं. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"फळा व्हता की, साहेब. माज्या एका बोटापायी समद्यांचा कुकर कसा घालवायचा?"

"बसा," इनामदार म्हणाले. "सुरुवातीपासून सांगा. सकाळी किती वाजता आला होतात कामाला?"

कोंडाजी बसला आणि सांगू लागला. सुरुवात त्याने भातकापणीपासून केली. इनामदारांनी त्याला अडवलं नाही. तासाभराने तो बाहेर गेला आणि त्याने बाहेर काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दहा मिनिटांत उमर आला. त्याने बूट काढला. ट्रॉलीचं चाक अंगठ्यावरून गेलं होतं, पावसाळ्यात. "म्हणून तर त्या दिवशी उतारावर ट्रॉली आवरली नाही, साहेब. अंगठ्यावर जोरच देता येत नाही." त्याच्यामागे स्टिचिंगच्या दोघी आल्या. एकीच्या तळव्यात पिन गेलेली, दुसरीला कमी दिसायला लागलेलं. एक जण शिडीवरून पडला होता आणि ती शिडी लपवून ठेवली होती, ती कुठे आहे हेही त्याने सांगितलं. केबिनच्या बाहेर बाक नव्हता म्हणून माणसं रिकामी खोकी उपडी घालून बसली.

सगळ्यांच्या शेवटी सरूबाई आली. ती रागात होती अजून, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. तिने मनगटापर्यंतच्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने भाजल्याचा जुना डाग होता. उन्हाळ्यातही ही बाई लांब बाह्यांचा ब्लाऊज का घालते, असं एकदा इनामदारांनी विचारलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, आजकाल फॅशन हाय.

"बसा सरूबाई," ते म्हणाले. दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. उमर उठला आणि तिला जागा दिली.

तेवढ्यात दारातून समर्थ डोकावला. रांग बघून तो आधी गोंधळला, मग आत आला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "सर, मीपण ऑफिसच्या जिन्यावरून पडलोय. जूनमध्ये. पाठ अजून दुखते. कधी वेळ आहे तुमच्याकडं?"

"या बाईंच्यानंतर," इनामदार म्हणाले. समर्थ बाहेर जाऊन एका उपड्या खोक्यावर कोंडाजीशेजारी बसला.

फोन वाजला. पुण्याच्या हेड ऑफिसमधून स्नेहल मॅडम बोलत होत्या. सगळ्या कारखान्यांचे अपघाताचे रिपोर्ट त्यांच्याकडे जात. "इनामदार सर, तुमच्या प्लँटमधून दुपारपासून रिपोर्टच रिपोर्ट येतायत. तुमचे ते दोन सोडले तर वर्षभर एकही नव्हता. सिस्टिममध्ये काही बिघाड झालाय का?"

"नाही मॅडम. सिस्टिम आता चालू झाली."

"म्हणजे? मला जरा नीट सांगा ना. आत्ता बोलता येईल का थोडा वेळ?"

इनामदारांनी समोर पाहिलं. सरूबाई उघडा हात टेबलावर ठेवून त्यांची वाट बघत होती. तिच्यामागे उमर भिंतीला टेकून उभा होता. दारातून बाहेरच्या खोक्यांवरचे गुडघे दिसत होते आणि समर्थला कोंडाजी पाठीवर कसला तरी पाला बांधायला सांगत होता.

"आत्ता नाही जमायचं, मॅडम," ते म्हणाले. "माझ्याकडं माणसं आलीयत."

त्यांनी फोन ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. "हां, सरूबाई. वाफ हातावर आली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय केलंत?"

"काय करनार?" सरूबाई म्हणाली. "आदी भात उतरवला."